फॉर्मवर ‘नको’ला रकाना नाही

दसरा आठ-दहा दिवसांवर आला होता. ओपीडी संपत आली होती, तेव्हा ती आत आली. कडेवर दीड वर्षाचं पोर, मोठी मुलगी पदर धरून उभी. दोन पाळ्या चुकलेल्या. तपासलं, आठ आठवडे भरत होते.

‘‘म्याडम, ह्ये नको मला,’’ ती म्हणाली. ‘‘उचल घेतलीय. पंधरा दिवसांत गाडी लागंल. पोट घिऊन फडात मोळ्या कशा उचलायच्या? अन् दोन हायत की. बास झालं.’’

ऊसतोडीला जाणाऱ्या भागात हे समजावून सांगावं लागत नाही. मुकादमाकडून उचल घेतली की नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतात. त्यातली एक बाजू खाली बसली तर खाडा दोघांच्या हिशेबात पडतो. तिनं सगळा विचार करून झालेला होता. माझ्याकडे ती परवानगी मागायला आली नव्हती, उपचार घ्यायला आली होती.

सिस्टरनं फॉर्म पुढे ठेवला. या फॉर्मवर डॉक्टरनं आपलं मत नोंदवायचं असतं. गर्भपात कशासाठी? जिवाला धोका, शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा, बलात्कार, गर्भात व्यंग, गर्भनिरोधक साधन निकामी ठरणं. मी विचारलं, काही वापरत होतात का? तांबी बसवली होती, पण अंगावरून फार जायला लागलं म्हणून वर्षापूर्वी काढली. त्यानंतर काही नाही. मी ‘साधन निकामी’ या कारणापुढे खूण केली. पेन माझ्या हातात देताना सिस्टरचं बोट आधीच त्या ओळीवर होतं.

तालुक्याच्या गावी सव्वीस वर्षं प्रॅक्टिस करताना अशा किती खुणा केल्या, मोजलेल्या नाहीत. ‘तिला नको आहे’ असं कारण त्या फॉर्मवर नाही, कारण ते कायद्यातच नाही. आणि कायद्यात ते नाही, याचं कारण आपल्या धोरणकर्त्यांनी गेल्या साठ वर्षांत गर्भपाताकडे पाहताना दरवेळी दुसऱ्याच कशाकडे तरी पाहिलं. आधी लोकसंख्येकडे, मग मुलींच्या घटत्या प्रमाणाकडे, मग गर्भातल्या व्यंगाकडे. समोर बसलेल्या बाईकडे थेट पाहून कायदा झालाच नाही, हे माझं म्हणणं आहे.

मुळापासून सांगते. १८६० च्या दंडसंहितेनं गर्भपात हा गुन्हा ठरवला. बाईचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेनं केला असेल तेवढाच अपवाद. कलम ३१२. त्याखाली एक स्पष्टीकरण होतं : स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीसुद्धा या कलमात येते. इंग्रज गेले, कलम राहिलं. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. वसाहतकाळाच्या खुणा पुसण्यासाठी हे करतो आहोत, असं संसदेत सांगितलं गेलं. नव्या संहितेचं कलम ८८ उघडून पाहा. गर्भपाताचा गुन्हा तसाच आहे आणि बाईलाही गुन्हेगार धरणारं ते स्पष्टीकरणही तसंच आहे. दीडशे वर्षांहून जुनं एक वाक्य काढून टाकायची याहून सोपी संधी मिळणार नव्हती. ते वाक्य असावं की नसावं, यावर देशात फारशी चर्चासुद्धा झाली नाही.

१९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा या गुन्ह्याला पडलेलं एक दार आहे, पण ते दार डॉक्टरसाठी आहे. अमुक अटी पाळून गर्भपात केला तर नोंदणीकृत डॉक्टर ‘दोषी ठरणार नाही’, अशी कायद्याची भाषा आहे. बाईला हक्क आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. या कायद्याची पायाभरणी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष आपल्या महाराष्ट्रातले मंत्री होते, शांतिलाल शाह. १९६४ साली समिती नेमली गेली आणि १९६६ च्या अखेरीस तिनं अहवाल दिला. देशात वर्षाला सुमारे ३९ लाख गर्भपात मुद्दाम केले जातात, असा तिचा अंदाज होता. त्यातले बहुतेक सुईणी, वैदू, काड्या, मुळ्या यांच्या भरवशावर व्हायचे. बायका मरत होत्या आणि समितीला त्या दिसल्या, याबद्दल मला तिच्याविषयी मनापासून आदर आहे. त्या काळात जगातल्या कितीतरी पुढारलेल्या देशांमध्ये असा कायदा नव्हता.

पण विधेयकाच्या उद्देशांत कारणं तीनच दिली होती : आरोग्य, माणुसकी आणि सुप्रजनन, म्हणजे सुदृढ संतती. देशात तेव्हा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर होता. साधन निकामी ठरल्यावर राहिलेल्या गर्भामुळे बाईच्या मनाला गंभीर इजा होते, हे कायद्यानं गृहीत धरलं, पण फक्त ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्या बाबतीत आणि मुलांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी साधन वापरलं असेल तरच. संख्या मर्यादित ठेवणं हे सरकारचंही काम होतं, म्हणून तिथे कायदा उदार झाला. लग्न न झालेल्या, नवऱ्यानं टाकलेल्या, विधवा बाईच्या मनाला होणारी इजा गृहीत धरायला पुढची पन्नास वर्षं लागली.

आणि ती बाई या मातीत नवी नव्हती. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते कोणासाठी? ताराबाई शिंदे १८८२ साली इतक्या संतापून लिहित्या झाल्या, त्यामागे सुरतेच्या एका विधवेला नवजात बाळाच्या हत्येपायी झालेली फाशीची शिक्षा होती. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि पुढे खटले सोसले. बाबासाहेबांच्या पक्षाकडून १९३८ साली संततिनियमनाचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात आला, तो सभागृहानं फेटाळला. समाजसुधारक पुढे आणि सभागृह मागे, असं हे जुनंच चित्र आहे.

कुणी म्हणेल, अडतंय कुठे? ‘मानसिक आरोग्याला गंभीर इजा’ हे कलम पुरेसं लवचीक आहे, डॉक्टर बाईची परिस्थिती लक्षात घेऊ शकतो, कामं होताहेत. माझेच कितीतरी सहकारी असं म्हणतात. कामं होतात हे खरं आहे, पण ती डॉक्टरच्या स्वभावावर होतात. माझ्या टेबलावर जी खूण सहज झाली, ती दुसऱ्या टेबलावर होत नाही. तिथे नवऱ्याची सही मागतात. कायद्यात सज्ञान स्त्रीच्या संमतीखेरीज कुणाचीही संमती लागत नाही, तरी मागतात. आधार कार्डावर नवऱ्याचं नाव बघतात. पोलिसांना कळवू म्हणतात. सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात डॉक्टर अशा कायद्याबाहेरच्या अटी घालतात याची स्पष्ट दखल घेतली. त्याच निकालानं काही ठरावीक स्त्रियांनाच असलेल्या २० ते २४ आठवड्यांच्या सवलतीत अविवाहित स्त्रीला आणलं आणि या कायद्यापुरता नवऱ्याचा बलात्कारही बलात्कार धरला. न्यायालयाला हे करावं लागलं, कारण दीडच वर्षापूर्वी संसदेनं दुरुस्ती केली, तेव्हा ते करता आलं असतं आणि केलं गेलं नाही.

२०१४ च्या ऑक्टोबरात केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं एक मसुदा लोकांसमोर ठेवला होता. त्यात पहिल्या १२ आठवड्यांपर्यंत स्त्रीनं मागणी केली की गर्भपात, कारण विचारायचं नाही, असं होतं. शिवाय प्रशिक्षित नर्सेस, एएनएम म्हणजे गावपातळीवरच्या परिचारिका आणि आयुष डॉक्टरांना सुरुवातीच्या आठवड्यांतला गर्भपात करू द्यायचा, असंही होतं. डॉक्टरांच्या संघटना या दुसऱ्या मुद्द्यावर तुटून पडल्या. मीही तेव्हा विरोधाच्या बाजूनं बोलले होते. आज त्याची खंत वाटते. गोळ्या देणं, रक्तस्राव किती झाला तर घाबरायचं हे समजावणं, अपुरा गर्भपात ओळखून वर पाठवणं, हे माझ्याकडची जुनी सिस्टर माझ्याइतकंच नीट करते. आम्ही नर्सेसवरून भांडत राहिलो आणि त्या गदारोळात पहिला मुद्दा, बाईचा मुद्दा, कधी गळून पडला ते कळलंही नाही. २०२१ मध्ये जो कायदा झाला त्यात बारा आठवड्यांची ती तरतूद नाही. ‘विवाहित स्त्री’च्या जागी ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आलं, २० आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचं मत पुरेसं झालं, बाईचं नाव फोडणाऱ्याला शिक्षा आली. या चांगल्या गोष्टी आहेत. पण सहाव्या आठवड्यातसुद्धा ठरवायचं कुणी, तर डॉक्टरनं.

आता महाराष्ट्रातल्या धोरणकर्त्यांची खरी अडचण. त्यांच्या मनात गर्भपात म्हटलं की मुलगी येते. ते समजण्यासारखं आहे. सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात तर ८०७. परळीतल्या एका डॉक्टरकडच्या बेकायदा गर्भपातांचं प्रकरण २०१२ मध्ये उघड झालं, २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले भ्रूण सापडले. ती चित्रं पाहिल्यावर माझीही झोप उडाली होती. पण त्यानंतर राज्यानं काय केलं? खुनाचं कलम लावा, अशी भाषा मंत्री करू लागले आणि औषध प्रशासनाची धाड गर्भपाताच्या गोळ्यांवर पडली. चिठ्ठी, नोंदी, चौकशा, नोटिसा. दुकानदारांनी त्रास नको म्हणून गोळ्या ठेवणंच बंद केलं. आमच्या गावात औषधांची डझनभर दुकानं आहेत. कितीतरी वेळा मला स्वतः चिठ्ठी लिहूनही त्या गोळ्या जिल्ह्याच्या गावाहून मागवाव्या लागल्या आहेत.

यातली चूक सरळ आहे. या गोळ्या आधी ७ आठवड्यांपर्यंत देता यायच्या, आता नव्या नियमांनुसार ९ आठवड्यांपर्यंत देता येतात. त्या वेळी सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे दिसतच नाही. ते बाराव्या-तेराव्या आठवड्यानंतर दिसू लागतं. म्हणजे मुलगी वाचवायची म्हणून आपण अशा गोळ्या अडवल्या, ज्या घेणाऱ्या बाईला पोटात काय आहे हे ठाऊक असण्याची शक्यता जवळपास नव्हती. आईच्या रक्तावरून दहाव्या आठवड्यात लिंग कळू शकतं अशा तपासण्या आता आल्या आहेत, हे मान्य. पण लिंग सांगणं कायद्यानं आधीच गुन्हा आहे आणि तो गुन्हा सांगणाऱ्याचा आहे, तिथे पकडा. आपल्या राज्यानं १९८८ मध्ये देशात सगळ्यांत आधी गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, तो मशीन आणि मशीनमागचा माणूस यांना धरण्यासाठीच. त्यासाठी मुंबईत १९८५ पासून झगडणाऱ्या कार्यकर्त्यांना तेव्हाही गर्भपाताचा हक्क घालवायचा नव्हता. लिंगनिदानबंदीच्या अंमलबजावणीसाठी २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या संस्थाही सुरक्षित गर्भपाताच्या बाजूनं काम करत आल्या आहेत. या लोकांना फरक नेमका कळतो. मंत्रालयात तो पुसला जातो.

पुसला जाण्यात शब्दाचा मोठा वाटा आहे. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द आपण एसटी स्टँडपासून शाळेच्या भिंतीपर्यंत रंगवला. हत्या म्हटलं की खुनी आलाच, आणि दारात उभी असते बाई. माझ्याकडे येणाऱ्या बायका स्वतः ‘हत्या’ म्हणत नाहीत. ‘पिशवी साफ करायची’, ‘खाली करायचं’, ‘पाळी आणायची’ म्हणतात. आणि हळूच विचारतात, हे बंद झालंय ना सरकारकडून? फळ्यावर लिहिलंय. कायदेशीर उपचार बेकायदा आहे असं आपणच त्यांना पन्नास ठिकाणी वाचायला लावलं. मग ती गोळ्या आणायला कुणाला पाठवणार? नवऱ्याच्या मित्राला, तिसऱ्या तालुक्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) नोंदलेल्या गर्भपातांपैकी २७ टक्के बाईनं स्वतःच घरी केलेले होते आणि ४८ टक्क्यांचं कारण ‘गर्भ अनियोजित होता’ हे होतं. सरकारी प्रश्नावलीत बाया जे सरळ सांगतात, ते माझ्या फॉर्मवर लिहिता येत नाही.

याच उसाच्या पट्ट्यातली आणखी एक गोष्ट. गर्भाशय काढलेल्या ऊसतोड महिलांची चौकशी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं केली. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. तिशी-पस्तिशीच्या बायका. अख्खी पिशवी काढताना राज्याला इतकी वर्षं कारणाचा रकाना आठवला नाही. आठ आठवड्यांचा गर्भ नको म्हटलं की मात्र पाच कारणांपैकी एक निवडायचं.

चोवीस आठवड्यांनंतरचा प्रश्न वेगळा आहे आणि अवघड आहे, तो मी सोपा करून सांगणार नाही. २००८ मध्ये मुंबईतल्या एका जोडप्याला गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचं उशिरा कळलं. त्यांना उच्च न्यायालयात जावं लागलं आणि नकार घेऊन परतावं लागलं. कायदा हलायला त्यानंतर तेरा वर्षं लागली. आता गर्भात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनं चोवीस आठवड्यांनंतरही गर्भपात होतो. पण बाकी कुठल्याही कारणासाठी, बाईचा जीव वाचवणं सोडता, नाही. अपंगांच्या संघटना विचारतात, गर्भ अपंग असेल तर मुदत नाही आणि आईचं आयुष्य मोडत असेल तर आहे, हे कुठलं मूल्य? त्यांचा प्रश्न मला बोचतो. ऑक्टोबर २०२३ मधलं प्रकरण आठवा. दोन मुलांची आई, बाळंतपणानंतरच्या मनोविकारावर औषधं चालू. अंगावर पाजत असल्यानं पाळी नव्हती, म्हणून गर्भ कळला तेव्हा उशीर झालेला. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी आधी परवानगी दिली, मग त्यांच्यातच मतभेद झाले आणि अखेर तीन न्यायमूर्तींनी नकार दिला. २६ आठवड्यांच्या गर्भाचं काय करायचं, यावर प्रामाणिक माणसं वेगवेगळी उत्तरं देतील. मुंबई उच्च न्यायालयानं मात्र जानेवारी २०२३ मध्ये, त्याहून पुढे गेलेल्या एका गर्भाच्या बाबतीत, निवडीचा हक्क गर्भवतीचा आहे, मंडळाचा नव्हे, असं ठामपणे म्हटलं. मला ते पटतं. पण उशिरा येणाऱ्यांतल्या कितीतरी जणी आठव्या आठवड्यात कुणीतरी परतवलेल्या असतात, हे मी रोज पाहते. सुरुवातीचं दार सताड उघडलं तर शेवटच्या दारावरची गर्दी आपोआप कमी होईल.

धोरणकर्ते बदलत नाहीत असं नाही. आपल्या बेळगावची लेक सविता हलप्पनवार, दातांची डॉक्टर, २८ ऑक्टोबर २०१२ रोजी आयर्लंडमधल्या गॉलवेच्या रुग्णालयात मरण पावली. सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट असतानाही त्याचे ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला गेला आणि जंतुसंसर्गानं तिचा घास घेतला. गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क देणारी तिथली घटनादुरुस्ती १९८३ पासूनची. राजकारणी तिला हात लावायला भीत होते. मग त्यांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ९९ सामान्य नागरिकांची सभा बसवली. त्या लोकांनी महिनोन् महिने डॉक्टरांचं, वकिलांचं आणि गर्भपात करून घेतलेल्या बायकांचं ऐकलं, आणि कायदा बदला असं सांगितलं. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून अधिक लोक बाजूनं उभे राहिले. २०१९ पासून तिथे १२ आठवड्यांपर्यंत कारण विचारत नाहीत. आणि आयर्लंड दूरचं वाटत असेल तर नेपाळ पाहा. २००२ पर्यंत तिथे गर्भपातासाठी बायका तुरुंगात होत्या. त्याच वर्षी कायदा बदलला आणि १२ आठवड्यांपर्यंत बाईची इच्छा पुरेशी ठरली. आपल्या शेजारच्या, आपल्याहून गरीब देशानं ते वीसहून अधिक वर्षं पाळून दाखवलं आहे.

माझी मागणी २०१४ च्या त्या मसुद्यातलीच आहे, काही नवं नाही. बारा आठवड्यांपर्यंत बाईचं ‘नको’ पुरेसं धरा. न्याय संहितेच्या कलम ८८ मधलं, स्वतः बाईला गुन्हेगार करणारं स्पष्टीकरण काढा. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या ठेवा आणि नर्सला त्या देऊ द्या, कारण ग्रामीण रुग्णालयांत स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कितीतरी जागा रिकाम्या आहेत आणि त्या या दशकात भरणार नाहीत. फळ्यांवरचा ‘हत्या’ पुसा, ‘गर्भलिंगनिवड’ लिहा. यातलं शेवटचं काम करायला तर संसदही लागत नाही, जिल्हा परिषदेचा एक ठराव पुरतो.

ज्यांना गर्भातला जीव पहिल्या दिवसापासून पवित्र वाटतो, त्यांच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. माझ्या घरातही असे लोक आहेत, माझी आई त्यांतली होती. तिनं तिच्या पाच बाळंतपणांचा निर्णय तिच्या श्रद्धेनं केला. तसा निर्णय करायची मोकळीक प्रत्येकीला असावी, आणि दुसरीला तिच्या परिस्थितीनं करायची असावी.

त्या दिवशी गोळ्यांची पहिली मात्रा घेऊन झाल्यावर ती थोडा वेळ बाकावर बसली होती. पोर झोपलं होतं. निघताना संमतीच्या कागदावर तिनं सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. सातवी शिकलेली होती. मग शेजारच्या फॉर्मकडे बोट करून तिनं विचारलं, ‘‘म्याडम, ह्यात काय लिवलंय?’’ मी वाचून दाखवलं.

‘‘पर म्या तर काईच वापरत नव्हते,’’ ती म्हणाली.

‘‘लिहावं लागतं,’’ मी म्हणाले. तिनं मान हलवली, पोराला खांद्यावर घेतलं आणि दुसरी मात्रा कधी घ्यायची ते पुन्हा एकदा विचारून घेतलं.